ज्ञापनावरची पहिली ओळ

बाबा,

तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. तुम्ही होतात तेव्हाही मी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही, गरजच पडली नाही. लग्नानंतरही मी याच रायपुरात राहिले, बूढापाऱ्यातल्या तुमच्या भाड्याच्या घरी स्कूटरवर पंधरा मिनिटांत पोचायचे. आज रविवार आहे, अकरा वाजलेत, कुकर कधीचा होऊन गेलाय आणि मी या खुर्चीवरून तीनदा उठून परत बसलेय. काल मी धरण्याला गेले होते. हे तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही, आणि सांगायचं म्हटलं की तुमचा चेहरा समोर येतो.

आधी मिलचं सांगते. मी अजून भनपुरीच्या त्याच राइस मिलमध्ये आहे, तपासणीच्या खोलीत. ताटलीत मूठभर तांदूळ पसरायचा आणि अख्खा, तुकडा, पिवळा, खडा असं चिमट्याने वेगळं करायचं. हे मी कॉलेजात नाही शिकले, आपल्या स्वयंपाकघरात शिकले. तुम्ही दिवसभर सरकारी गोदामात पोत्यात परखी, ती टोकदार पोकळ नळी, खुपसून नमुने काढायचात आणि घरी आल्यावर रेशनचा तांदूळ निवडायला माझ्याशेजारी पाटावर बसायचात. आई म्हणायची, ऑफिसात हेच, घरात हेच, कंटाळा नाही येत का या माणसाला. गोदामातून निघताना मात्र तुम्ही फाटकाशी उभे राहून पँटच्या दुमडीतले दाणे झटकायचात, सरकारचा एक दाणा घरी यायला नको म्हणून. मी ते पाहिलंय. तेव्हा मला त्याचा अभिमान वाटायचा आणि थोडं हसूही यायचं.

आमच्या मिलचा माल बाहेरदेशी जातो. पोत्यांवर एका परक्या भाषेत काहीतरी छापलेलं असतं, ते मिलमध्ये एकालाही वाचता येत नाही, पण शिक्का सरळ पडलाय की तिरका एवढं सगळ्यांना कळतं. मध्यंतरी एक दिवस दुपारच्या चहाला मिलमालक सेठजींचा फोन वाजला आणि त्यांनी कप तसाच खाली ठेवला. दिल्लीहून आदेश निघाला होता, निर्यात बंद. भरलेले ट्रक भनपुरीतच उभे राहिले. मग काही महिन्यांनी थोडी उघडली, मग कर लावला, मग कर काढला, आणि आता म्हणतात कुठल्या कुठल्या देशांशी करार होऊन राहिले आहेत, त्यात आपलं काय जाणार आणि त्यांचं काय येणार हे पेपर वाचूनही समजत नाही. मी रोज वाचते. सकाळी वाचते, दुपारी मोबाइलवर परत बघते, दोन्हीकडे वेगळंच लिहिलेलं असतं. एवढं मात्र समजलं की मिलची एक पाळी बंद झाली आणि पोती शिवणाऱ्या बायकांपैकी निम्म्यांना, काम निघालं की कळवू, असं सांगून घरी पाठवलं. त्यातली एक गेली अकरा वर्षं माझ्या खोलीबाहेर बसून डबा खात आली आहे. माझ्याच डब्यातलं लोणचं तिला लागतं. ती रोज सकाळी फाटकाशी येऊन उभी राहायची, काम निघालं का विचारायला, आणि मी दुसऱ्या दाराने आत जायला लागले होते.

तुम्ही असता तर मला उलटच सांगितलं असतं. धान्य बाहेर गेलं तर इथल्या माणसानं काय खायचं, गोदाम भरलेलं असलं की सरकारनं आपलं काम केलं समजायचं. आणि मला तेही पटतं, हीच तर पंचाईत आहे. निर्यात उघडली की बाजारात तांदूळ महागतो आणि तोच तांदूळ त्या पोती शिवणाऱ्या बाईला घ्यावा लागतो. मग मागायचं काय? शेवटी मला एवढंच सुचलं की काही ठरवा, पण ठरवण्याआधी सांगा, आणि ज्याचं काम जाणार त्याचं काय ते त्याच कागदावर लिहा. मिलमधल्या लोकांनी धरणं धरायचं ठरवलं तेव्हा निवेदन लिहायला माझ्याकडेच आले, निवेदनाला इथे सगळे ज्ञापन म्हणतात. मी एका बैठकीत लिहून दिलं. फार बरं वाटलं लिहिताना, खोटं कशाला बोलू.

पण तुमची आठवण तेव्हापासूनच सुरू झाली. मी कॉलेजला होते, बूढा तलावाच्या काठी विद्यार्थ्यांचं धरणं चाललं होतं आणि मी मैत्रिणींबरोबर कडेला उभी होते. तुम्ही सायकलवरून उतरलात, नुसतं मागच्या कॅरिअरकडे बोट दाखवलंत. घरी स्वयंपाकघरात आल्यावर विचारलंत, “काहून गेली होती तिथं?”

“बाबा, मी तं नुसती उभी होती.”

“उभीच काहून होती? उभ्या माणसाचंच नाव लिहून घेतात. आपलं इथं कोण हाये? बाहेरगावचे लोक आपण, नोकरी हाये म्हणून हाओत.”

मला राग आला होता, पण खरा राग त्याच्या पुढच्या वर्षीचा आहे. गोदामात पोत्यांची थप्पी कोसळून एका हमालाचा पाय मोडला, आणि थप्पी नीट रचली नव्हती हे सगळ्यांना माहीत होतं. तुमच्या ऑफिसातले काका अर्ज घेऊन आपल्याकडे आले. ओट्याशेजारच्या स्टुलावर बसून त्यांनी चहा घेतला, अर्ज तुमच्यापुढे सरकवला. तुम्ही तो पूर्ण वाचलात, एक शब्द दुरुस्तही केलात, आणि परत सरकवलात. म्हणालात, “सही सोडून काय पाहिजे ते मांग मले.” काका गेल्यावर आईनं पोळ्या लाटता लाटता, मान वर न करता म्हटलं, “सही नाही तं निदान डबा तं द्या त्या माणसाले.” मग महिनाभर तो डबा हॉस्पिटलात मी नेला. डबा नेताना रस्ताभर मी मनात तुमच्याशी भांडायचे. तुम्ही भित्रे आहात, असं मी तुम्हाला कधी म्हटलं नाही, पण मानत आले, बाबा, तुम्ही गेल्यावरसुद्धा.

आता काल. तुमचा नातू परवाच म्हणाला होता, “मम्मी, आप मत जाओ ना। मेरा पुलिस वेरिफिकेशन बाकी है।” त्याची सरकारी नोकरी लागली आहे, फक्त चारित्र्य पडताळणीचा कागद यायचा आहे. चार वर्षं घासली पोरानं त्यासाठी. मी मराठीत बोलते, तो हिंदीत उत्तर देतो, असं आमचं चालतं. मी म्हटलं, “अरे, मी काय दगड मारायले चालली का?” तो नुसता माझ्याकडे बघत राहिला, आणि त्या बघण्यात तुम्ही होतात.

तरी गेले. भनपुरीत ट्रक उभे राहतात त्या मैदानावर मांडव घातला होता. सेठजी कूलरसमोर खुर्चीवर, आम्ही सतरंजीवर. भाषणं झाली, त्यातली अर्धी वेगळ्याच विषयांवर होती. मग सह्यांचे कागद फिरले. नाम, पिता या पति का नाम, पता, हस्ताक्षर. ती पोती शिवणारी माझ्याशेजारीच बसली होती. पहिला कागद तिनं हातात दाबून धरला होता, वरची ओळ कोरी ठेवून. म्हणाली, “पहिली नाव तोर, दीदी। तहीं त लिखे हस।” ज्ञापन मी लिहिलंय, म्हणून पहिलं नाव माझंच.

मी पेन घेतलं आणि माझा हात थांबला. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं, तुम्ही बाजूलाच उभे होतात. आपल्यात तसंच असतं, बाई सासरी गेली की नाव, बापाचं नाव, आडनाव सगळं पुसून दुसरं येतं. मुलाच्या सगळ्या कागदांवर आईचं नाव म्हणून ते तांदळातलं नाव आहे. तुम्ही ठेवलेलं नाव त्याच्या एकाही कागदावर नाही. हे सगळं माझ्या डोक्यात एका क्षणात झालं, इतक्या पटकन झालं की माझी मलाच लाज वाटली. मी माहेरचं नाव लिहिलं. पुढच्या रकान्यात तुमचं. पत्ता बूढापाऱ्याचा, जिथे आता मोबाइलचं दुकान आहे. सही तीस वर्षं केली नव्हती, तरी बरोबर आली.

ती बाई खूश झाली. तिला वाचता येत नाही.

चार वाजता नायब तहसीलदार जीपमधून आले. इथे हे ठरलेलंच असतं, साहेब येतात, ज्ञापन घेतात, फोटो निघतो, मांडव सुटतो. पण धरण्याचं सगळं बघणाऱ्या आमच्या माणसानं माइक घेतला आणि म्हणाला, पहिल्या पाच सह्यांवाल्यांनी पुढे यावं, साहेबांच्या हातात त्यांनीच कागद द्यायचा. आणि त्यानं वाचलं. माझं नाव, मग तुमचं नाव, मग आपलं आडनाव, पूर्ण. कुणी उठलं नाही. त्यानं परत वाचलं. लोक इकडेतिकडे बघायला लागले, सेठजी म्हणाले, “ये कौन है भई?” मैदानभर तुमचं नाव घुमत होतं, बाबा, ज्यानं आयुष्यात एका अर्जावर सही केली नाही त्याचं. आणि मी सतरंजीचा एक सुटलेला दोरा ओढत बसले होते.

शेजारून ती माझ्याकडे वळली. हळूच म्हणाली, “तैं त सबले पहिली लिखे रहे न, दीदी?”

मी म्हटलं, नाही, मी मागच्या कागदावर लिहिलं. ते नाव दुसऱ्या कुणाचं तरी असेल.

ती उठली आणि साहेबांसमोर रिकाम्या राहिलेल्या जागी जाऊन उभी राहिली. साहेबांच्या हातात कागद तिनं दिला. फोटोत ती आहे, आजच्या पेपरात आलाय. तिला आता कोणती मिल कामावर घेईल मला माहीत नाही. सेठजी काल मांडवात आमच्यासोबत बसले, तरी पुढे होणारी कामगार बाई कुठल्याच सेठला नको असते.

तुम्ही घाबरलात तेव्हा निदान कागद परत सरकवलात, दुसऱ्याचं नाव घातलं नाहीत. एवढ्यासाठी तुम्हाला लिहायला बसले. उद्या सोमवार आहे, ती फाटकाशी उभी असेल. दुसऱ्या दाराने जायचं नाही असं आत्ता तरी म्हणतेय.

हे पत्र कुठे पाठवता येत नाही ते बरं आहे. पाठवता आलं असतं तर मी फक्त धरण्याला गेले होते एवढंच लिहिलं असतं.