पिवळी पिवळ्यात

१३ ऑक्टोबर, शुक्रवार
अक्षदा जिल्ह्याच्या खो-खो संघात. बाप म्हणून मला खात्री होतीच. मॅच बावीस तारखेला, मोबाईलवर लाईव्ह. आईनं नातीला खेळताना कधी पाहिलेलं नाही. मोबाईलवर तिला मुंग्या पळताना दिसतात.
समोरच्या महारुद्रनं त्याच्या स्मार्ट टीव्हीवर बघायला बोलावलं. नको म्हणालो. माझ्या पहिल्या पगारातला डबा टीव्ही ठणठणीत आहे. त्याला शाळेचा लॅपटॉप जोडणार. मध्ये एक अडॉप्टर लागतो, बस. मी विज्ञान शिकवतो. आळीला आमंत्रण देऊन टाकलं.
घरात दसरा काढणं चालू, कोपरान् कोपरा धुऊन. बायको राजेश्वरी टीव्हीवर ओलं फडकं फिरवणार होती. दरवर्षीप्रमाणे अडवलं. विजेच्या वस्तूला पाणी नाही, हा माझा नियम. म्हणून तर आईनं खंडेनवमीला वाहिलेलं हळदी-कुंकू वर्षानुवर्षं टिकून आहे.

१६ ऑक्टोबर, सोमवार
उमरग्याहून अडॉप्टरची डबी आणली. दुकानदारानं विचारलं, जुन्यातून नव्यात न्यायचंय का नव्यातून जुन्यात? म्हणालो, पाइपातून पाणी दोन्हीकडून जातं. त्यानं एक डबी काढून दिली.
जोडलं. चित्र नाही. डबीवर बाण छापलाय, तो उलट्या दिशेचा. माल सदोष.

१७ ऑक्टोबर
डबी बदलून आणली. दुकानदार हसला असावा. मी पाहिलं नाही.

२० ऑक्टोबर, शुक्रवार
तालीम. डबीतून तीन वायरी निघतात: पिवळी, पांढरी, लाल. टीव्हीला पुढं तीन भोकं. पिवळी पिवळ्यात, लाल लालमध्ये, पांढरी उरलेल्यात. चुकायला जागाच नाही.
आवाज खणखणीत, मागं थोडी घरघर. चित्राच्या जागी काळ्यावर पांढऱ्या रेघा. म्हणजे अर्धं काम फत्ते. टीव्ही तापला की उरलेलं होईल. राजेश्वरी म्हणाली, वायरी उलटसुलट करून बघा. तिला समजावलं की शिकलेला माणूस अंदाजपंचे काम करत नाही.

२१ ऑक्टोबर
महारुद्र पुन्हा आला. म्हातारीला माझ्याकडं नेऊ का म्हणाला. मीच त्याला उद्याचं आमंत्रण दिलं. चहाला जास्तीचं दूध सांगितलं.

२२ ऑक्टोबर, रविवार
टीव्ही सकाळपासून तापत ठेवला होता. आळी वेळेवर जमली. आवाज फुल. रेघा. सुरुवातीला असंच असतं, असं मी सांगितलं. शेजारच्या सिदूनं विचारलं, ह्या रेघांत आपली पोरगी कंची? मी राजेश्वरीला चहा टाकायला सांगितलं.
माणसं एकेक करून चपला घालून समोर महारुद्रकडं गेली. राजेश्वरी दूध बघून येते म्हणून गेली, ती तिकडंच. मी कुणाला अडवलं नाही.
आई तेवढी रेघांसमोर बसून राहिली. म्हणालो, तूही जा. ती म्हणाली, "न्हाय. तू एकला पडशील."
समोरच्या घरात आरडाओरडा झाला. मग आमच्या टीव्हीत झाला. आपण जिंकलो. आईला सांगितलं, तर तिनं त्या रेघांवरून हात ओवाळले आणि कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. मला फार वाईट वाटलं. अडॉप्टर चीनचा आहे.

२३ ऑक्टोबर, खंडेनवमी
पूजेआधी राजेश्वरीनं टीव्ही ओल्या फडक्यानं पुसला. मला विचारलं नाही. हळदीखालून लाल भोक निघालं. कुंकवाखालून पिवळं.
तिनं फडकं पिळलं. 
वायरी काढून बदलणार, तेवढ्यात आईनं विळा-खुरप्यांबरोबर टीव्हीचीही पूजा उरकली. लॅपटॉपचीही. आता आजचा दिवस त्यांना हात लावायचा नाही, हत्यारांना विसावा. मी बरंच समजावून बघितलं.
संध्याकाळी आईला महारुद्रकडं घेऊन गेलो. त्याचा टीव्ही भिंतीवर, पूजेत नाही. कालची मॅच त्यानं पुन्हा लावली. चित्र बरं आहे. मी कधी वाईट म्हणालो नव्हतो.
अक्षदा खांबाला वळसा घालून सुटली, तशी आई उठून पडद्याजवळ गेली. बराच वेळ बघत राहिली. मग सगळ्यांदेखत मला म्हणाली, "काल मला हेच दावत व्हतास व्हय?"
व्हय म्हणालो.