शेवटचा आकडा

४ मार्च

माफ कर, वही. ऑगस्टनंतर आज उघडतोय. मधे काही घडलंच नाही असं लिहिणार होतो, पण ते खोटं होईल. घडलं, मी लिहिलं नाही. आळस, दुसरं काय!

ताई आलीय. एक बॅग, एक पर्स. भावजींची बदली इकडे होतेय, ते मागाहून येतील, घरचं सगळं सामान कंटेनरमधून जहाजाने निघालंय – हे तिने दारातच सांगून टाकलं. आम्ही 'वा, वा' म्हणालो आणि तिला बाहेरच्या सोफ्यावर झोपवलं. मागची खोली आहे, पण तिथे माझं टेबल, बायकोचं शिलाई मशीन आणि कुणीच न चालवणारी सायकल राहते. बायको म्हणाली, सामान आलं की काय ते एकदाच हलवू. मी मान डोलावली. शहाणपणात आमचं घर कुणाला हार जायचं नाही.

आई म्हणाली, खोली आजच लाव. आईला मालवाहतुकीतलं काय कळतं!

५ मार्च

आमच्या कंटेनर यार्डात गेटवरच्या क्लार्कशी वाजलं. कंटेनरच्या नंबरात आधी चार अक्षरं – तीन मालकाची, चौथं बहुतेक यू. मग सहा आकडे. आणि शेवटी चौकटीत एकटा सातवा. हा सातवा म्हणजे चौकीदार. आधीच्या दहांवरून हिशेबाने निघतो. काही चुकलं तर हिशेब जुळत नाही आणि कॉम्प्युटर बोंबलतो.

आता हा पठ्ठ्या काय करतो? चूक शोधायची सोडून शेवटचा आकडाच बदलत बसतो. शून्य, एक, दोन... कॉम्प्युटर गप्प होईपर्यंत. "एक ना एक लागतोच, साहेब." लागतोच! चौकीदारालाच फितवायचं! मग जगात नसलेला कंटेनर आमच्या यार्डात दिमाखात उभा. कागदावर. आणि खरा शोधत मी उन्हात.

८ मार्च

बायको म्हणाली, एवढी वर्षं यार्डात काढून बहिणीचं सामान शोधता येत नसेल तर करता काय तिथे? प्रश्न रास्त होता. ताईकडे नंबर मागितला. थोडी घुटमळली, मग तोंडपाठ सांगितला. चार अक्षरं, सात आकडे, रचना अगदी बरोबर! जेवणाच्या प्रत्येक पंगतीत मी हे सांगत आलोय. म्हणजे कुणीतरी ऐकत होतं.

पण शेवटचा आकडा जुळेना. म्हटलं, ताई, उतरवताना चुकलीस. आणि मग मोह आवरला नाही, सगळा हिशेब शिकवला. अक्षरांच्या किमती, प्रत्येक जागेचं वजन आधीच्या दुप्पट, सगळ्याची बेरीज, अकराने भागायचं, बाकी उरेल तो सातवा. बायको उठून गेली. आईने डुलकी काढली. ताईने दोनच प्रश्न विचारले, दोन्ही नेमके. शाळेत गणितात ती माझ्या कितीतरी पुढे. लग्नानंतर ती कशातच दुसरा प्रश्न विचारेनाशी झाली होती.

९ मार्च

सकाळी ताई म्हणाली, कागद सापडला, शेवटचा पाच नाही, आठ आहे. मांडून पाहिलं. जुळला! दिवसभर ऐटीत होतो.

१० मार्च

नंबर एकाही जहाजावर नाही. जहाज कंपनीवाल्याला खूप झापलं. अर्थात त्याने फोन ठेवल्यावर.

१२ मार्च

ती तीन अक्षरं कुठल्याच मालकाची नाहीत. आकडा जुळतो, मालक नाही! क्लार्कच्या कंटेनरसारखंच. संध्याकाळी बायकोच्या देखतच ताईला म्हटलं, तो कागद दाखव. ती म्हणाली, बॅगेत तळाशी गेलाय. मग थोड्या वेळाने, "सामान येईपर्यंत मी सोफ्यावर राहीन रे. मला काही अडचण नाही."

सोफ्याचं कुणी विचारलं होतं? माझा आवाज चौकशीचा होता का? होता. पण नंबर चुकीचा असेल तर विचारायचं नाही की काय?

१३ मार्च

वैतागून आईलाच सगळा नंबर वाचून दाखवला. ती भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, "मधले सहा आकडे आपल्या जुन्या घरच्या फोनचे. सामान काही येत नाही, हे ती दारात उभी होती तेव्हाच कळलं मला. खोली लाव म्हटलं होतं ना?"

तो नंबर बाबांनी आम्हां दोघांकडून घोकून घेतला होता. कुठे हरवलात तर हा सांगायचा, आम्ही न्यायला येऊ.

ताईने सांगितला. मी म्हणालो, शेवटचा आकडा जुळत नाही.

उद्या : मागच्या खोलीतून माझं टेबल बाहेर काढणे.