अनीशच्या गोळ्या

अहो,

मोबाईल घरीच विसरून गेलात, म्हणून लिहून ठेवते. रुचाला चक्कर आली. चौकातल्या दवाखान्यात नेतेय, वाचताच या. तिच्या छातीवर हात ठेवला, तर फिरत्या जात्यावर ठेवल्यासारखा थरथरतो.

अनीशचं अभ्यासात लक्ष लागावं म्हणून डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या ही महिनाभर चोरून खात होती. त्या गोळ्यांनी भूक मरते म्हणे. लग्नाआधी बारीक व्हायचं होतं. प्रत्येक केळवणाला पानात नुसती बोटं फिरवून उठायची आणि आपण कौतुक करायचो.

अनीशला रागावू नका. उद्याचं केळवण नको, असं वन्संना कळवा. कारण खरं सांगा.

रिक्षा आली. पोर चपला घालताना विचारतेय, "आई, सलाईनने वजन वाढतं का गं?"