कागदावरचं नाव

प्रिय ठमे,

तीन वर्षांनी माझं अक्षर बघून तुला काही बरंवाईट झालंसं वाटेल, म्हणून आधीच सांगतो, मी हिंडता-फिरता आहे. खोकला आहे, पण तो भुशाचा. चाळीस वर्षं लाकूड कापणाऱ्याला तेवढा असायचाच. पॉलिशवाली मावशी तुझी फार आठवण काढते. तिची नजर आता अधू झालीय, तरी खुर्चीच्या पाठीवरून नुसतं बोट फिरवून कुठे हात कमी लागलाय ते बरोबर ओळखते आणि ज्याने तो लावला त्याची मनसोक्त खरडपट्टी काढते.

कारखाना चालू आहे. जुने मालक गेले तेव्हा तू एवढीशी होतीस. त्यांना मूलबाळ नव्हतं. तुम्हीच चालवा, म्हणाले. आम्ही अकरा जणांनी ठरवलं की आता इथे मालकच नको. करवत कुणाची नाही, रंधा कुणाचा नाही, डोक्यावरचे पत्रेही कुणाचे नाहीत. दाराजवळच्या फळ्यावर ज्याला जे हवं ते त्याने लिहायचं. कुणाला पलंग हवा असे, कुणाला खिडकी. आम्ही करून द्यायचो. शेजारच्या विणकरांकडून कापड यायचं, पलीकडच्या लोहारांकडून बिजागऱ्या, आणि आमची कापलेली बोटं डॉक्टरीणबाई शिवायच्या. कोण कुणाचं किती देणं लागतो, हे कुणी मांडून ठेवलं नाही. वर्षभरात भांडून वेगळे होतील, असं लोक म्हणत. भांडलो पुष्कळ, वेगळे मात्र झालो नाही.

नोंदणी कचेरीतल्या कारकुनाला तेवढं आमचं म्हणणं पटेना. जागा कुणाचीच नाही, असा रकाना त्याच्याकडे नव्हता. एक नाव द्या, म्हणाला. मी त्या दिवशी तापाने घरी पडलो होतो, म्हणून सगळ्यांनी माझं देऊन टाकलं. हजर असतो तर मीही दुसऱ्या कुणाचं तरी खपवलं असतं. तेव्हापासून मला चिडवायला सगळे ‘मालक’ म्हणायला लागले.

तुला यातलं काही कधी रुचलं नाही. तुझी सायकल न विचारता कुणीही न्यायचं आणि तू घर डोक्यावर घ्यायचीस. घर सोडून निघालीस त्या दिवशी म्हणालीस, “बाबा, या घरात माझं म्हणावं असं एक कपाटसुद्धा नाही.” मी तुला भाषण दिलं. आता वाटतं, भाषण गिळून मुकाट्याने कपाट करून द्यायला हवं होतं. कुलपासकट. मी बरोबर होतो असं मला अजूनही वाटतं, पण पोरीशी बरोबर वागलो असं नाही वाटत.

गेल्या वर्षी विणकरांची शेड गेली. कागदावर ज्याचं नाव होतं तो म्हातारा वारला आणि त्याच्या मुलाने ती विकली. लोहारांनाही जागा विकता का, अशी विचारणा झाली. ते नाही म्हणाले आणि महिन्याभरात त्यांची शेड जळाली. निष्काळजीपणा, असं चौकशीत लिहिलं गेलं. जन्मभर आगीशी खेळलेली माणसं ती! आता दोन्ही बाजूंना पत्र्याचं उंच कुंपण आहे आणि मधे आम्ही.

मग एक गृहस्थ यायला लागले. बोलणं मऊ, आवाज कधी चढत नाही. बसण्याआधी रुमालाने खुर्चीवरचा भुसा झटकतात. पहिल्या खेपेला त्यांनी जागेबद्दल विचारलं. मी नाही म्हटलं. दुसऱ्या खेपेला माझ्या खोकल्याबद्दल विचारलं. तिसऱ्या खेपेला तुझा विषय काढला. तुझ्या घराचं दार निळं आहे, हे मला त्यांच्या तोंडून कळलं. तेव्हापासून ‘मालक’ म्हणताना कुणी हसत नाही.

परवा ते चौथ्यांदा आले. त्यांनी एक कागद माझ्यापुढे ठेवला. माझ्यामागे ही जागा वारसाने तुझ्याकडे येईल आणि येताच तू ती त्यांना देशील, असं त्यात लिहिलं होतं. खाली तुझी सही. मी दोनदा वाचली. “आता आम्हाला घाई नाही,” ते म्हणाले. “तुम्ही फक्त तब्येतीला जपा.” आणि जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला.

ठमे, तू रागाने सही केलीस की त्यांनी तुला घाबरवलं, ते मी विचारत नाही. तू काय लिहून दिलंस ते तुला कळलं होतं का, एवढीच शंका आहे. तू सही करेपर्यंत माझ्या असण्या-नसण्याने कुणाचं अडत नव्हतं. आता माझ्या नसण्याची कुणीतरी वाट बघतंय. त्याच संध्याकाळी मी सगळ्यांना सांगितलं. कुणी तुला शिव्या दिल्या नाहीत. मावशी उठली आणि माझं अंथरूण कारखान्यात घेऊन आली. आता मी पाणी प्यायला उठलो तरी कुणीतरी सोबत उठतं. जागेच्या कागदावर अकराही नावं चढवायचं ठरलंय. कारकुनाने सोमवारची तारीख दिलीय. आज गुरुवार. हे पत्र आपल्या डॉक्टरीणबाई स्वतः तुझ्या हातात देतील. त्या गृहस्थांना यातलं काही कळवायचं असेल तर मी तुला अडवू शकत नाही. फक्त सोमवारपर्यंत कळवू नकोस. तुझ्याकडे आजवर काही मागितलं नाही, हे चार दिवस मागतोय.

अजून तरी तुझाच,
बाबा