पुलावरची पट्टी

ती. बाबांना,
लांबूनच वाकून नमस्कार.

मी ठणठणीत आहे. मनगट जवळजवळ बरं झालंय, हॉस्पिटलातली ड्युटीही जमते. आईला एवढंच सांगा.

सायकलवरून पडल्यावर मला पालिकेनं सायकलवाल्यांच्या सल्लागार समितीत घेतलं, हे कळवलं होतंच. आम्ही सात नागरिक चार महिने घसा कोरडा करून पुलाबद्दल बोललो आणि पालिकेच्या इंजिनिअरसाहेबांनी सायकलींच्या पट्टीचा आराखडा आणला तो तळ्याकाठच्या मोकळ्या रस्त्याचा! मी जिथं पडले, तो पूल त्यात नव्हताच.

"सह्या करा, नाहीतर हेही हातचं जाईल," साहेब म्हणाले. सहा जणांनी सह्या केल्या आणि माझ्याकडे बघत बसले. सही केली तर पूल जाणार, नाही केली तर सगळंच. माझी पुरती कोंडी झाली.

मी म्हटलं, "साहेब, उद्या सकाळी माझ्याबरोबर सायकलनं पूल ओलांडा. मग करते सही."

ते आले, बाबा. पुलाच्या मध्यावर मागून बस आली आणि आम्ही दोघं कठड्याला चिकटलो. बस गेली तरी त्यांना हँडल सोडवेना. "तुम्ही रोज इथून जाता?" एवढंच त्यांनी विचारलं.

आता तीन महिने पुलावर सायकलींची वेगळी पट्टी आखून बघणार आहेत. देखरेख समितीची, म्हणजे माझीच. आता मागं कशी फिरू? त्यामुळे ठरल्याप्रमाणे घरी येणं होणार नाही.

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन तोवर थांबेल का? खरं काय ते लिहा. मला बरं वाटावं म्हणून लिहू नका.

तुमची,
इथंच अडकलेली धाकटी