चौथ्या निबंधाखालचा शेरा

५ जून
लागले एकदाची नोकरीला! ऑनलाइन कॉलेजात निबंधलेखन शिकवायचं, तेही घरबसल्या. ताईने तिची मागची खोली दिलीय. खिडकीपाशी टेबल, पंखा जरा कुरकुरतो, पण कॅमेऱ्यात मागची भिंत अशी झकास दिसते की ताई म्हणाली, आता कुठे तू बाई शोभतेस. विद्यार्थी सव्वीस. विभागप्रमुखांनी बजावलंय, दर आठवड्याला प्रत्येकाच्या निबंधाखाली शेरा हवाच.

८ जून
पहिला तास. सगळ्यांत थोरली एक शिवणवाली आहे, लोकांचे कपडे दुरुस्त करून देते. एकटीच राहते. चाळिशीत पुन्हा शिकायला लागलीय. बोलताना तोंडात टाचण्या धरायची सवय, त्यामुळे निम्मे शब्द कळेनात. सगळे हसले, तीही हसली. तास संपल्यावर मुद्दाम थांबून तिने विचारलं, निबंध मॅडम स्वतः वाचणार ना? मी म्हटलं, अहो, म्हणजे काय!

१६ जून
सव्वीस निबंध म्हणजे जिवाला घोर. पाच-सहा शेरे लिहून ठेवले आणि आलटूनपालटून चिकटवले. ‘वर्णन छान आहे.’ ‘परिच्छेद पाडा.’ अर्ध्या तासात काम फत्ते. थोडं चोरट्यासारखं वाटलं. मग चहा घेतला.

१० जुलै
शिवणवाली गेली. न्हाणीतल्या गॅस गीझरचा विषारी वायू खोलीत कोंडला, असं प्रमुख म्हणाल्या.

दुपारी तिचे चारही निबंध वाचले. पहिल्यांदाच. ‘माझी खोली’मध्ये गीझरवरची भिंत काळी पडत चाललीय. ‘माझा सोबती’मध्ये पिंजऱ्यातला पोपट सकाळी मरून पडलेला. ‘माझी सकाळ’मध्ये आंघोळीनंतर डोकं ठणकतं, जिन्यात जाऊन बसलं की बरं वाटतं. चौथ्याच्या शेवटी तर सरळ विचारलंय, मॅडम, तुमच्याकडे गीझर आहे का? तुम्हालाही असं होतं का?

त्याखाली माझा शेरा : ‘वर्णन छान आहे. परिच्छेद पाडा.’

नुसतं वाचलं असतं तर शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

११ जुलै
शेरा बदलता येतो. तारीख जुनीच राहते. मी लिहिलं : ‘गीझर आजच बंद करा. खिडक्या उघडा. मला लगेच फोन करा.’ शुद्धलेखनही तपासलं.

ताई जेवायला बोलवायला आली. लॅपटॉप पटकन मिटला.

१३ जुलै
प्रमुखांनी तो शेरा बैठकीत सगळ्यांना वाचून दाखवला. विद्यार्थ्यांशी संवाद असावा तर असा, म्हणाल्या. त्यांनीच तिच्या भावाला कळवलं. त्याचा फोन आला. रडत होता. “मॅडम, तुम्ही तरी तिला सांगितलं होतंत. आमचंच लक्ष नव्हतं हो.”

मी म्हटलं, स्वतःला सावरा.

एवढंच म्हटलं.

१४ जुलै
माझ्या शेऱ्याखाली उत्तर आलंय. तिच्या नावाने. आज, सकाळी अकरा चाळीस.

‘मॅडम, हे तेव्हा नव्हतं.’

१५ जुलै
भावाला विचारलं. तिचा फोन त्याच्या कपाटात, बंद. कॉलेजने तिचं खातंही काढून टाकलंय. मी उत्तर पुसलं. परत आलं. पुसलं— आता चारही निबंधांखाली आहे.

आणि पाचवा निबंध जमा झालाय. उघडला नाही. उघडवत नाही.

१७ जुलै
आज तासाला सगळं कबूल करायचं ठरवलं होतं. तोंड उघडलं आणि म्हणाले, नेटवर्क नीट नाही. कॅमेरा, आवाज, दोन्ही बंद केले. वही मांडीवर घेतलीय, लिहिलं नाही तर किंचाळेन—

पडद्यावर माझी सोडून पंचवीस चौकटी असायला हव्यात. सव्वीस आहेत.

शेवटच्या चौकटीत काळी भिंत. माणूस नाही.

पाचवा निबंध आपोआप उघडलाय. सगळ्यांसमोर. ‘माझ्या मॅडम.’ पहिल्या ओळीत मी कोणता शेरा कधी चिकटवला ते— दुसरीत, अकरा तारखेला मी काय बदललं— भावाला काय म्हटलं— बंद करता येत नाही— खाली अजून पुष्कळ आहे—

माझा कॅमेरा सुरू झाला. मी केला नाही.

पोरं वाचतायत. ओठ हलतायत. अजून माझ्याकडे कुणी बघितलेलं नाही. शेवटची ओळ आली असावी, एकेक करून माना वर—