काचेवरची फुली

प्रिय ठमे,

दोन लेकरांची आई झालीस, ऑफिसात तुला मॅडम म्हणतात, पण माझ्या हाताला दुसरं नाव लिहायची सवय नाही. परवा फोनवर तू रडत म्हणालीस, आठवडाभर सुट्टी काढून आले असते तर आई भेटली असती, मीच करंटी. मी नुसता हं हं करत राहिलो. तोंडानं सांगता येत नाही ते लिहून बघतो. शेवटपर्यंत वाच, मध्येच चिडून फाडू नकोस.

उन्हाळा संपता संपता आईनं अंथरूण धरलं, ते तुला ठाऊक आहे. पावसाळा सरला की आपल्या परसात पाखरांचे थवे उतरतात, दाणे टिपतात, पुढच्या मुक्कामाला जातात. यंदा ते दिसणार नाहीत म्हणून ती हिरमुसली होती. मग मी मागच्या खोलीची अर्धी भिंत फोडली आणि खाटेच्या उंचीपासून छतापर्यंत एकसंध काच बसवली. चाळीस वर्षं लोकांच्या घरांना काचा बसवल्या, स्वतःच्या घराला ही पहिलीच. आमच्या धंद्यात नव्या काचेवर चुन्याची मोठी फुली मारतात, नाहीतर माणूस सरळ चालत जाऊन कपाळ फोडून घेतो. ती पुसायची घाई करू नका, असं मी हाताखालच्या माणसांना ओरडून सांगायचो. आणि इथे मीच दिवस मावळायच्या आत पुसली. तिला स्वच्छ दिसावं म्हणून कागदानं घासून इतकी लख्ख केली, की मध्ये काच आहे हे मलाही कळेना.

आई खूश झाली. शेपटी हलवत परसभर फिरणाऱ्या एका पाखराला तिनं मुकादम असं नाव ठेवलं. काम कमी आणि फेऱ्या जास्त, अगदी तुमच्यासारखा, म्हणाली. तिसऱ्या दिवशी सकाळी धप्प आवाज झाला. बाहेर जाऊन बघतो, तर काचेखाली मुकादम मान मोडून पडलेला. त्यानंतर रोज एक-दोन. ती जागी व्हायच्या आत मी त्यांना उचलून कुंपणाशी पुरायचो आणि काचेला चिकटलेली पिसं ओल्या फडक्यानं पुसायचो. पुन्हा फुली मारायची तर कारण सांगावं लागलं असतं, आणि तिच्यासमोर मरणाचा विषय नको, एवढंच माझं डोकं चालत होतं. आवाज कसला, असं तिनं विचारलं तेव्हा शेजारच्या शेडचं दार वाऱ्यानं आपटतं, अशी थाप मारली. पंधरा दिवस गेले. मग एका दुपारी शांतपणे म्हणाली, त्या दाराला पहिल्या दिवसापासून कुलूप आहे, तुमच्याच काचेतून दिसतंय. चुना कालवा आणि फुली मारा. मी मारली. पाखरं आपटायची थांबली. उरलेले दिवस तिनं फुलीच्या कडेनं जेवढं दिसेल तेवढं पाहिलं.

आता खरं ते सांगतो. ती अचानक गेली, असं मी तुला आणि सगळ्या नातेवाइकांना सांगितलं, ते खोटं आहे. ज्यांना बोलवायचं त्यांना बोलावून घ्या, असं डॉक्टर महिनाभर आधीच म्हणाले होते. तू दर रविवारी विचारायचीस, येऊ का. मी म्हणायचो, सुधारतेय, सुट्टी वाया घालवू नकोस. ती झोपलीय असं सांगून फोनसुद्धा तिच्या हाती दिला नाही. तू दारात उभी राहिलीस की तिला कळेल, आता संपलं, ही माझी भीती. ती रोज विचारायची, ठमी कधी येणार. तिला सुट्टी मिळत नाही, असं मी सांगायचो. हे मात्र तिला खरं वाटलं. शेवटच्या सकाळी माझा हात धरून म्हणाली, पोरीला बोल लावू नका, नोकरी आहे तिची. तेव्हाही माझं तोंड उघडलं नाही. म्हणून हे पत्र. तू स्वतःला दोष देणं थांबव ठमे, चूक माझी आहे. मला माफ कर, असं म्हणायचं धाडस माझ्यात नाही. तू दर रविवारी यायला निघत होतीस, हे तिला न कळताच ती गेली.

तुझाच,
बाबा